मागच्या चाकाची पकड : वाचकांचे प्रश्न

लिटर क्लासच्या, म्हणजे १००० सीसीच्या आसपासच्या, गाड्यांमधील ट्रॅक्शन कंट्रोलविषयी (मागचे चाक घसरू लागले की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणाऱ्या यंत्रणेविषयी) आलेल्या पत्रांपैकी तिघांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण तोच प्रश्न इतरही अनेकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारला होता.

प्रश्न : माझ्याकडे २०१२ ची होंडा सीबीआर १००० आरआर फायरब्लेड आहे, एबीएस नसलेली. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात वळणातून बाहेर पडताना मागचे चाक दोनदा सरकले. दोन्ही वेळा गाडी सावरली, पण तेव्हापासून ओल्या रस्त्यावर हात मोकळा चालत नाही. बाहेरून बसवण्याचे ट्रॅक्शन कंट्रोल युनिट घ्यावे, असे मित्र सुचवतात. ते घ्यावे की गाडीच बदलावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपली गाडी ज्या काळातील आहे, त्या काळात ही सुविधा काही गाड्यांना मिळू लागली होती आणि काहींना नाही. डुकाटीने २००८ च्या १०९८ आर या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल दिले, पाठोपाठ बीएमडब्ल्यूच्या एस १००० आरआरमध्ये ते आले, २०११ मध्ये एप्रिलियाच्या आरएसव्ही ४ आणि कावासाकीच्या झेडएक्स-१० आरमध्ये आले, तर २०१२ मध्ये यामाहाच्या आर-१ मध्ये. फायरब्लेडला मात्र त्यासाठी २०१७ पर्यंत थांबावे लागले. आपण विचारता ते युनिट ही उणीव भरून काढेल का, हे ठरवण्यासाठी कारखान्यातून येणारी यंत्रणा नेमके काय मोजते, ते आधी पाहू.

पुढच्या आणि मागच्या चाकाला दातेरी किंवा खाचांची रिंग असते आणि तिच्याजवळ एक सेन्सर असतो. रिंग फिरली की सेन्सरमधून ठोके निघतात, आणि त्यांवरून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, दोन्ही चाकांचा वेग कळतो. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकावर येतो, म्हणून पुढचे चाक जमिनीचा खरा वेग सांगते असे धरले जाते, आणि मागचे चाक त्याच्या मानाने ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक वेगाने फिरू लागले की इंजिनाचा जोर कमी केला जातो. थोडी घसरण चालते, किंबहुना ती हवीच असते, कारण टायर जास्तीत जास्त जोर देतो तो किंचित घसरत असतानाच. घसरण त्या मर्यादेपलीकडे गेली की पकड झपाट्याने ढासळते.

खरी अडचण गाडी कलल्यावर सुरू होते. सरळ चालताना टायर मध्यावर टेकतो, पण वळणात तो कडेवर टेकतो आणि तेथे त्याची त्रिज्या कमी असते. मागचा टायर रुंद असल्याने त्याची त्रिज्या पुढच्यापेक्षा जास्त घटते. टायरचा आडवा छेद अर्धवर्तुळ मानला, तर पुढे १२०/७० आणि मागे १९०/५५ टायर (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत) असलेली गाडी ४५ अंशांत कलल्यावर, काडीमात्र घसरण नसतानाही, मागचे चाक पुढच्याच्या तुलनेत सुमारे ३ टक्के जास्त वेगाने फिरते. ही वाढ घसरणीची की कलण्याची, हे केवळ चाकांच्या वेगावरून ओळखता येत नाही. त्यासाठी कोन कळावा लागतो. २०१५ च्या आर-१ मध्ये सहा अक्षांचे आयएमयू, म्हणजे गाडीचे कलणे आणि हालचाल मोजणारे उपकरण, आले, तेव्हा त्याचे एवढे कौतुक झाले ते यामुळेच. तीन जायरो आणि तीन अ‍ॅक्सिलरोमीटर यांच्या मोजमापावरून ते सेकंदाला १२५ वेळा गाडीची स्थिती काढते.

आता बाहेरून बसवण्याच्या युनिटकडे येतो. आपल्या गाडीवर दोन चाकांच्या वेगाची तुलना करता येईल असे सेन्सरच नाहीत, आणि अ‍ॅक्सिलरेटरही केबलचा आहे, म्हणजे ईसीयूला थ्रॉटलची मुख्य पाकळी स्वतःहून मिटता येत नाही. अशा गाड्यांसाठी बनलेली युनिट, उदाहरणार्थ बझाझ कंपनीचे झेड-फाय टीसी, इंजिनाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) किती झपाट्याने चढतो एवढेच पाहतात. चाक सुटले की आरपीएम एकदम उसळतो. तो उसळला की युनिट काही ज्वलने गाळते, म्हणजे होऊच देत नाही. हा उपाय वेगवान आहे, यात शंका नाही. इंजिन १२,००० आरपीएमवर असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला १०० वेळा ज्वलन होते, त्यामुळे एखादे गाळले तरी परिणाम लगेच दिसतो, तर थ्रॉटलची पाकळी मिटून तोच परिणाम साधायला इनटेकमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातील) हवा ओसरावी लागते.

मात्र आरपीएमची उसळी आणि चाकाची घसरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढिली चेन एकदम ताणली गेली, रस्त्याच्या उंचवट्यावर मागचे चाक क्षणभर हवेत गेले किंवा क्लच किंचित सरकला, तरी आरपीएम उसळतो. उलट आपल्याबाबतीत घडले असावे ती घसरण, म्हणजे ओल्या डांबरावर अर्धा थ्रॉटल देताना चाक हळूहळू बाहेर जाणे, या युनिटच्या नजरेतून निसटण्याची शक्यताच अधिक, कारण त्यात आरपीएम सावकाश चढतो. रेसट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलवर वळणातून निघताना ज्याचा उपयोग होतो, ते पावसातल्या घाटात तितके उपयोगी पडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. युनिट ठिणगी गाळत असेल, तर न जळलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. इंधन गाळणाऱ्या युनिटचा हा त्रास कमी असतो, म्हणून घेण्यापूर्वी ते काय गाळते हे विचारावे.

जोडणीविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीवर असेच युनिट एका गॅरेजमध्ये बसवून घेतले होते. मेकॅनिकने टाकीखालच्या हार्नेसमधील (वायरींच्या जुडग्यातील) वायर सोलून नुसते पीळ मारून जॉइंट केले आणि वर टेप गुंडाळली. पहिल्या मोठ्या पावसात वळणाच्या ऐन मध्यावर इंजिनाने दोन झटके दिले आणि गाडी सरळ होऊन रस्त्याच्या कडेकडे निघाली. नंतर टाकी उचलून पाहिले, तर टेपच्या आत पाणी साचलेले आणि तांब्याच्या तारांवर हिरवा थर चढलेला. घसरण रोखण्यासाठी बसवलेल्या वस्तूनेच मला जवळजवळ पाडले होते. म्हणून युनिट बसवायचेच असेल, तर मूळ कपलरला (वायर जोडणाऱ्या प्लगला) जुळणारे कपलर असलेलाच संच घ्यावा, मूळ हार्नेस कापू देऊ नये, आणि प्रत्येक कपलरचे रबरी सील जागेवर आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे.

माझे स्पष्ट मत असे, की रस्त्यावरच्या आणि विशेषतः पावसाळी वापरासाठी हे युनिट घेऊ नये. त्या पैशांत आधी टायर बघा. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. जुना रबर कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतो, मग वर नक्षी कितीही शिल्लक असो. हायवेवर सरळ चालवून चालवून टायर मधोमध चपटा झाला असेल, तर गाडी कलताना त्या चपट्या भागाच्या कडेवरून एकदम खाली पडल्यासारखी वाटते, आणि अनेक चालक त्यालाच घसरणे समजतात. हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय आहे का, हे टायर थंड असताना तपासा. मागच्या शॉकॉबचे तेल एवढ्या वर्षांत कधीच बदलले नसेल, तर त्याचे डॅम्पिंग, म्हणजे उसळी शमवण्याची क्षमता, गेलेले असणार. मग चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उडत राहते. चेनचा ताण आणि अ‍ॅक्सिलरेटर केबलचा फ्री प्ले, म्हणजे मोकळा ढिलेपणा, हाही पाहून घ्या, कारण फ्री प्ले जास्त असला की वळणात थ्रॉटल उघडताना पहिला जोर धक्क्याने येतो, आणि ओल्या रस्त्यावर तेवढा धक्का चाक सुटायला पुरतो.

एवढे करूनही मनात भीती उरली, तर मी आपल्याला गाडी बदलायलाच सुचवीन. २०१७ नंतरच्या फायरब्लेडमध्ये राइड-बाय-वायर (केबलऐवजी विजेच्या संकेताने चालणारा थ्रॉटल), आयएमयू आणि नऊ पातळ्यांचे ट्रॅक्शन कंट्रोल मुळातच एकमेकांसाठी बनवलेले आहेत. जुनी गाडी मात्र ट्रॅक डेसाठी, म्हणजे बंदिस्त ट्रॅकवर हौसेने चालवण्याच्या दिवसांसाठी, ठेवायची असेल, तर युनिटचा विचार जरूर करा, आणि त्याची पातळी ठरवण्याचे काम चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवे यांसारख्या बंदिस्त ट्रॅकवरच करा. घाटात असे प्रयोग करू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. कोणताही बदल केल्यास विमा कंपनीला लेखी कळवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त दुबईत असतो आणि माझी २०१५ ची यामाहा आर-१ अधूनमधून दुबई ऑटोड्रोमला ट्रॅक डेसाठी नेतो. मूळचा १९०/५५ टायर काढून २००/५५ बसवल्यापासून, त्याच पातळीवर ट्रॅक्शन कंट्रोल पूर्वीपेक्षा उशिरा काम करते असे जाणवते. हा भास आहे का? शिवाय मागचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) दोन दातांनी मोठे करायचे आहे, त्याचाही परिणाम होईल का? – एक वाचक, दुबई

उत्तर : भास नसावा. टायरवरील आकड्यांवरून हिशेब केला, तर १९०/५५ चा परीघ सुमारे २,०१३ मिलिमीटर येतो आणि २००/५५ चा सुमारे २,०४८. म्हणजे नवा टायर प्रत्येक फेरीत पावणेदोन टक्के जास्त अंतर कापतो, तेवढ्याच वेगाला तो कमी फेरे घेतो, आणि ईसीयूला मागचे चाक आहे त्यापेक्षा हळू फिरत असल्याचे दिसते. जुनाच परीघ धरून हिशेब चालू असेल, तर खरी घसरण तेवढ्याने लपते आणि यंत्रणा उशिरा जागी होते. स्लिक, म्हणजे नक्षी नसलेल्या रेसच्या, टायरमध्ये २००/६० हे माप आढळते, त्यात हा फरक जवळपास पाच टक्क्यांवर जातो. उलट कोणी १९०/५० बसवला, तर घसरण नसतानाही ती असल्याचा आभास होऊन ट्रॅक्शन कंट्रोल लुडबुड करत राहते.

टायरवर छापलेल्या मापावर मात्र विसंबू नका, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे भरत नाहीत. हवा नेहमीच्या दाबाला भरून घ्या, टायरवर आणि जमिनीवर खडूने एकाच रेषेत खूण करा, कुणाला तरी गाडीवर बसवून चाक अगदी सरळ एक पूर्ण फेरा ढकला आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधील अंतर टेपने मोजा. पुढच्या चाकाचेही असेच करा, कारण यंत्रणा पाहते ते या दोन मापांचे गुणोत्तर. असे तीनदा मोजून सरासरी घेतली, तर ट्यूनरच्या (ईसीयूतील सेटिंग बदलून देणाऱ्याच्या) हाती देण्याजोगा आकडा मिळतो. एप्रिलिया आरएसव्ही ४ च्या एपीआरसी या ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या यंत्रणेत टायरचे माप बदलल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन करण्याची सोय पहिल्यापासूनच दिलेली होती. आपल्या गाडीचा ईसीयू फ्लॅश करून देणाऱ्याला आधी एवढेच विचारा, की तो चाकाच्या परिघाचा आकडा बदलू शकतो का. तो नुसते ‘टीसी (ट्रॅक्शन कंट्रोल) कमी करून देतो’ म्हणाला, तर दुसरा ट्यूनर शोधा. टायर पुन्हा बदलला की जुनी दुरुस्ती चुकीची ठरेल, म्हणून कोणत्या टायरला कोणता आकडा, हे वहीत लिहून ठेवा.

स्प्रॉकेटची चिंता घसरणीच्या हिशेबापुरती करू नका. दोन्ही सेन्सर थेट चाकांवर आहेत, त्यामुळे दात वाढवल्याने चाकांच्या वेगांचे गुणोत्तर बदलत नाही. प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकावर येणारा जोर मात्र वाढेल, म्हणून पहिल्या सत्रात ट्रॅक्शन कंट्रोल एक पातळी वर ठेवून सुरुवात करावी.

प्रश्न : माझ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल कंपनीचेच आहे. चेन साफ करताना गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) चढवून पहिल्या गिअरमध्ये चालवली, तर ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस असे दोन्ही दिवे लागले. काही बिघडले का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुढचे चाक स्थिर असताना मागचे फिरत राहिले, म्हणून ईसीयूने सेन्सर बिघडल्याची नोंद केली आहे. गाडी बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडे अंतर चालवा. बहुतेक गाड्यांमध्ये दिवे आपोआप जातात. पुढच्या वेळी चेन साफ करताना इंजिन बंदच ठेवा आणि चाक हाताने फिरवा. चालत्या चेनमध्ये फडके आणि त्यासोबत बोट गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

दिवे गेले नाहीत, तर मागच्या चाकाची, सेन्सरजवळची दातेरी रिंग बघा. चेनवर फवारलेले ल्यूब रिंगवर उडते, त्यावर आपल्याकडची लाल माती बसते आणि खाचांमध्ये घट्ट चिखलासारखा थर जमतो. जुन्या मऊ टूथब्रशने थोडे रॉकेल लावून तो काढावा. ब्रेक डिस्कवर रॉकेलचा थेंबही पडू देऊ नये. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असेल, तर तो कोरड्या फडक्याने पुसावा. नंतर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) सेन्सर आणि रिंग यांतील फट मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधील मापाशी ताडून पाहावी. चाक एक पूर्ण फेरा फिरवून ती तीन-चार ठिकाणी मोजावी, कारण पंक्चरवाल्याने चाक खाली आडवे टाकले असेल, तर रिंग एका बाजूला वाकलेली असू शकते.