ओपन वॉटर झालं, आता पुढचा स्कूबा कोर्स करावा का?

तुम्ही विचारलंय की अंदमानात ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड मिळालं, कोर्समधल्या चारच डाइव्ह झाल्यात, नाशिकहून समुद्राकडे जाणं वर्षातून एकदा होतं. मग त्यापुढच्या अॅडव्हान्स्ड कोर्सला पैसे घालायचे, की हा नुसता कार्डं विकायचा धंदा आहे?

धंदा तर आहेच. तरीही कोर्स करा. फक्त लगेच नको, आणि जास्त खोल जायला मिळतं एवढ्यासाठी तर अजिबात नको.

मी नेमकं उलट केलं होतं. ओपन वॉटर संपलं त्याच आठवड्यात अॅडव्हान्स्ड उरकून टाकलं. एकूण पाच डाइव्ह. खोल पाण्याची आणि होकायंत्राची, या दोन सक्तीच्या; बाकी तीन आवडीच्या. दोन दिवसांत १८ मीटर खोलीपर्यंतच जाऊ शकणारा मी ३० मीटरवाला झालो. लायसन्स हातात पडलं म्हणून कुणी त्याच रात्री कसारा घाटात गाडी घालतं का? मी घातली.

२८ मीटरवर सहज मनगटाकडे लक्ष गेलं. त्र्यंबकेश्वरला बांधलेला लाल दोरा पार काळपट दिसत होता. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी मी त्या दोऱ्याकडे बघतच बसलो. फार गंमत वाटत होती. इन्स्ट्रक्टरने समोर येऊन हवेच्या गेजकडे बोट दाखवलं तेव्हा भानावर आलो. सिलिंडरमध्ये ७० बार दाबच उरला होता! वर आल्यावर तो म्हणाला, ‘नायट्रोजन चढला होता तुम्हाला.’ म्हणजे खोल पाण्यात श्वासातल्या नायट्रोजनची येणारी नशा. एरवी दोन पेगलाही मला काही होत नाही, त्यामुळे ते मनाला लागलंच.

त्या रात्री हिशोब मांडला. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की २४०० लिटर हवा. ५० बार राखीव धरले की हातात उरते १८००. आपण पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर ओढत असू, तर १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून ४० आणि ३० मीटरवर चौपट म्हणून ८० लिटर. म्हणजे १० मीटरवर जी हवा पाऊण तास पुरते ती ३० मीटरवर २२ मिनिटांत संपते, आणि यात वर यायला लागणारी हवा धरलेलीच नाही. घाबरलेला नवखा माणूस तर २० वर थांबतच नाही. हे सगळं कार्ड घेण्याआधी मांडायला हवं होतं.

म्हणून आधी पंधरा-वीस साध्या डाइव्ह मारा, १०-१२ मीटरच्या. खाली जाण्यासाठी कमरेला बांधायची वजनं नीट लावायला शिका. सुरुवातीला माझ्या कमरेला ८ किलो शिसं असायचं, आता त्याच सूटवर ५ पुरतं. ते तीन किलो उतरले आणि माझी हवा आपोआप जास्त वेळ टिकायला लागली. मग अॅडव्हान्स्ड करा, तेव्हा त्या पाच डाइव्हमधून काहीतरी पदरात पडेल.

माझ्या मते खरे पैसे वसूल होतात ते त्यापुढच्या रेस्क्यू कोर्समध्ये. त्याच्यासोबत सीपीआर आणि प्रथमोपचारही शिकावे लागतात. आपल्यापेक्षा दीडपट वजनाच्या ‘बेशुद्ध’ माणसाला लाटांमध्ये ओढत न्यायचं, ओढता ओढता त्याला श्वास द्यायचा, त्याची आणि आपली वजनं सोडायची. अर्ध्या तासात मांड्यांचा पार भुगा होतो. पण माझ्या कामी आलं ते दुसरंच: बोटीवर गप्प झालेला, मास्कचा पट्टा तिसऱ्यांदा ओढून बघणारा माणूस ओळखणं.

मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी माझा बडी (डाइव्हचा जोडीदार), म्हणजे माझा मेव्हणाच, असा गप्प होता. खाली उतरल्यावर त्याचे बुडबुडे एकाला एक लागून यायला लागले, डोळे मोठे. मी त्याचा बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जॅकेट, धरला, थांब म्हणून तळहात दाखवला, मग हात वरखाली करत त्याच्यासोबत सावकाश श्वास घेतले. मिनिटभरात निवळला. आम्ही कासव बघितलं आणि वर आलो. त्याला आजही वाटतं की मी कासव दाखवायलाच त्याला धरलं होतं. सांगू नका.

नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा, कोर्स दिवसाला तीन-तीन डाइव्ह मारायला लागलात की बघा. बाकी मासे ओळखण्याचा, फोटो काढण्याचा वगैरे कोर्स हौस म्हणून.

आपल्यासारख्या नाशिककरांची अडचण निराळी आहे. कार्डाला मुदत नसते, पण हात विसरतात. वर्षाने जाताय तर पहिला अर्धा दिवस इन्स्ट्रक्टरसोबत उजळणीला ठेवा. जाण्याआधी महिनाभर मी त्र्यंबक रोडवरच्या सावरकर तलावात कडेला उभा राहून मास्कमध्ये पाणी घेतो आणि नाकाने बाहेर काढतो. सकाळच्या बॅचचे काका बघून हसतात.

आणि एक गोष्ट, जी मी पुस्तकात विमानापुरतीच वाचली होती: डाइव्हनंतर लगेच उंचावर जायचं नसतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि मालवणहून घरी यायचं तर घाट चढावाच लागतो. आंबोली साधारण ६९० मीटर. उंचावर हवेचा दाब कमी झाला की डाइव्हमध्ये अंगात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, आणि त्याला घाट आणि विमान यांतला फरक कळत नाही. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात, मी घाटालाही तोच नियम लावतो. पहिली दोन वर्षं मात्र सकाळी दोन डाइव्ह, दुपारी सुरमई थाळी आणि संध्याकाळी थेट घाट असाच कार्यक्रम असायचा. काही झालं नाही ते नशीब. आता शेवटचा दिवस कोरडा ठेवतो, किल्ला बघतो, आणि ऑफिसात एक रजा जास्तीची टाकतो.