डोस वाढवण्याआधी लेबलवरचं पूर्ण नाव वाचा

"स्कोपोलामाइन देऊनही रॅट वॉटर मेझमधला प्लॅटफॉर्म बरोबर शोधतात, गाईड म्हणतात डोस वाढव." तुमची ही दोन वाक्यं वाचली आणि माझं एम.फार्म.चं दुसरं वर्ष डोळ्यांसमोर आलं. (स्कोपोलामाइन शिकणं-आठवणं तात्पुरतं बिघडवतं; वॉटर मेझ म्हणजे पाण्याची टाकी, तिच्यात बुडालेला प्लॅटफॉर्म रॅटने जागा लक्षात ठेवून शोधायचा असतो.) डोस वाढवू नका, निदान लेबल वाचेपर्यंत तरी.

लेबलवर स्कोपोलामाइन हायड्रोब्रोमाइड आहे की स्कोपोलामाइन ब्युटिलब्रोमाइड? तुम्हाला हवं ते हायड्रोब्रोमाइड. ब्युटिलब्रोमाइड म्हणजे पोटात कळ आली की देतात ते औषध. त्यातल्या नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो, त्यामुळे ते रक्त-मेंदू अडथळा जवळजवळ ओलांडतच नाही. आतडी सैलावतात, पण मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणींच्या भागातल्या मस्करिनिक रिसेप्टरना (संदेश पकडणाऱ्या जागांना) त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचं काम बिनबोभाट चालू राहतं आणि रॅट मजेत शिकतो.

आमच्याकडे हा घोळ पर्चेस सेक्शनचा. मागणीपत्रात हायड्रोब्रोमाइड स्पष्ट लिहिलेलं. कोटेशनं आली, सगळ्यात स्वस्त ते मंजूर झालं आणि हातात पडली ब्युटिलब्रोमाइडची इंजेक्शनं. परत करायला गेलो तर साहेब म्हणाले, "हायोसिनच आहे ना? सॉल्ट वेगळा असला तर काय बिघडतं?" (हायोसिन हे स्कोपोलामाइनचंच दुसरं नाव.) अहो, सॉल्ट नाही, रेणूच वेगळा आहे! पण स्टोअरच्या रजिस्टरात एंट्री झाली की माल परत जात नाही म्हणे. नवी मागणी, नवी कोटेशनं, तोवर जनावरं ठरलेल्या वजनाच्या पुढे गेली, मग आयएईसीकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे) पुन्हा अर्ज. सेमिस्टर तिथेच संपलं. सही करणाऱ्यांचं काय गेलं?

म्हणून मागणीपत्रात नावासोबत कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) टाका: हायड्रोब्रोमाइड ट्रायहायड्रेटचा 6533-68-2, ब्युटिलब्रोमाइडचा 149-64-4. आकड्यावर वाद घालता येत नाही.

लेबल बरोबर निघालं, तर वेळ तपासा. ट्रेनिंगआधी अर्धा तास दिलंत तर शिकणंच बिघडतं, ट्रेनिंग संपल्यावर लगेच दिलंत तर आठवण पक्की होणं, आणि टेस्टआधी दिलंत तर आठवणं. हे तीन वेगळे प्रयोग आहेत, पण थिसिसमध्ये तिन्हींना सरसकट 'मेमरी' म्हणतात. शिवाय स्कोपोलामाइनने बाहुल्या विस्फारतात आणि जनावर जास्त धावतं. त्यामुळे दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची ट्रायल आणि पोहण्याचा वेग नोंदवलाच पाहिजे. जमलं तर मिथाइलस्कोपोलामाइनचा एक ग्रुप ठेवा, तेही मेंदूत फारसं पोचत नाही, म्हणजे मेंदूबाहेरचा परिणाम वेगळा ओळखता येतो. (पांढऱ्या रॅटची नजर मुळातच अधू असते, तेव्हा भिंतीवरच्या खुणा मोठ्या आणि ठळक हव्यात.)

आता माझं मत, गाईडना पटेलच असं नाही. थिसिसच्या शीर्षकात या प्रयोगाला 'अल्झायमर मॉडेल' म्हणू नका. 1974 साली ड्राखमन आणि लेविट यांनी धडधाकट तरुणांना स्कोपोलामाइन दिलं, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती म्हाताऱ्या माणसांसारखी अडखळली. तिथून या मॉडेलला जोर आला. पण यात ना अल्झायमरमधलं अमायलॉइड प्रथिन साचतं, ना पेशी मरतात. काही तास रिसेप्टर अडतात, एवढंच. अल्झायमरवरचं औषध डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन वाढवतं, म्हणून इथे ते उठून दिसणारच. तुम्ही वनस्पती-अर्क तपासत असाल आणि तो एस्टरेज (ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम) थोपवत असेल तर तोही पास होईल. मात्र त्याचं काम ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकावर असेल तर हे मॉडेल त्याला न्याय देणार नाही. मॉरिस आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये एपी-5 हे रसायन वापरून ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर अडवले, तेव्हाही रॅटना याच पाण्यात जागा शिकता आली नव्हती. म्हणजे विसरण्याची वाट एकट्या ॲसिटिलकोलीनमधूनच जाते असं नाही.

मी लॅब सोडून बराच काळ झाला, आता फार्माकोव्हिजिलन्समध्ये (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामात) आहे. तेव्हा डोस माझ्या भरवशावर ठरवू नका, मंजूर प्रोटोकॉलमध्ये असेल तोच द्या. आणि आधी त्या लेबलचा फोटो टाका, मग पुढचं बोलू.