नवीनच बाइक शिकलोय, पारोळ्याजवळच्या गावाहून रोज धुळ्याला कॉलेजला जायचंय. काय काळजी घेऊ?

तुझं वय 18, नुकतंच लर्निंग लायसन्स, वडिलांची 2014 सालची 125 सीसी गाडी, आणि मित्र बजावतात, "पुढला ब्रेक नको मारू भो, उलथा पडशी." भाऊ, या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तोच सल्ला ऐकून मी पडलोय.

मी अमळनेरकडचा. 19 वर्षांचा असताना एका वळणाच्या पुढे ठेलारी मेंढपाळांची मेंढरं अचानक रस्त्यावर आली. मी घाबरून मागच्या ब्रेकवर उभाच राहिलो. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी घसरली, खांद्याजवळचं हाड मोडलं. हेल्मेट होतं, पण पोलिसांपुरतं! पट्टा उघडाच. ते उडून कपाशीत गेलं आणि कानामागे सहा टाके पडले.

ब्रेक लागला की गाडीचा बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं पडतं. म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. माणूस उलथतो तो पुढचा ब्रेक झटक्यात आवळल्यामुळे, किंवा हँडल वळलेलं असताना तो दाबल्यामुळे. गाडी सरळ ठेव, दोन्ही ब्रेक एकत्र लाव, पुढचा लिंबू पिळल्यासारखा हळूहळू वाढवत ने. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि 125 व त्याखालच्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही लागतात ती सोय) सक्तीचं झालं. तुझी गाडी त्याआधीची, म्हणजे हे काम तुझ्या हातापायालाच शिकवावं लागेल. सकाळी मोकळ्या मैदानावर 20 च्या वेगाने सुरुवात कर, मग 30, मग 40.

आणि हिशेब लक्षात ठेव: 60 च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. म्हणजे तुला मेंढरू दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं.

तुझ्या रस्त्यावर मला सगळ्यात जास्त भीती ट्रॉलीची वाटते. दिवाळीनंतर कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या संध्याकाळी निघतात. मागचा दिवा असलाच तर कापसाखाली झाकलेला, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला. समोरच्या ट्रकचा उजेड डोळ्यावर आला की ती ट्रॉली दिसतच नाही. तेव्हा अॅक्सिलरेटर सोडायचा, डोळे रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायचे. जमलं तर दिवस मावळायच्या आत घरी ये. एखादं लेक्चर बुडालं तर बुडू दे (हे तुझ्या सरांना सांगू नको).

धुळ्याआधीच्या फागणे गावाकडच्या चौपदरी रस्त्यावर दुभाजकातल्या पुढच्या कटपर्यंतचा फेरा वाचवायला लोक सर्रास राँग साइडने येतात. तू जाऊ नको, आणि समोरून कोणी येईल हे धरूनच चाल. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती साबणासारखी असते. तिथे कोणताच जोरदार ब्रेक कामाचा नाही, आधीच वेग कमी करायचा.

लर्निंगवर शिकवणाऱ्याशिवाय कोणालाही मागे बसवता येत नाही, तेव्हा मित्राला लिफ्ट नाही. पुढे पक्कं लायसन्स आल्यावरही ट्रिपल सीट नकोच. 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद, हे कायद्यातच आहे.

हेल्मेट आयएसआय मार्कचं घे, रस्त्याकडेला मिळणारं टोपलं नको. पट्टा लावून पुढे-मागे ओढून बघ, निघून आलं तर माप मोठं आहे. मे महिन्यात डोकं शिजतं, मान्य आहे. आतून पातळ सुती रुमाल बांध, भिजवून बांधलास तर फागण्यापर्यंत तरी गारवा राहतो. फक्त रुमालाची टोकं शर्टात खोच, मागे उडती ठेवू नको.