दाढ काढली तेही एक्स्ट्रॅक्शन आणि घराणं तेही?

प्रश्न: मागच्या आठवड्यात अक्कलदाढ काढली, डॉक्टरांच्या कागदावर 'एक्स्ट्रॅक्शन' लिहिलेलं. त्याच दिवशी मुलीने इंग्रजी बातमी वाचून दाखवली, त्यात आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर 'ऑफ इंडियन एक्स्ट्रॅक्शन', म्हणजे भारतीय वंशाचे. दोन्हीकडे एकच शब्द कसा काय?

उत्तर: शब्द एकच आहे हो, मूळही एकच. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'त्राहेरे' म्हणजे ओढणं, दोन्ही मिळून बाहेर ओढून काढणं. ट्रॅक्टर त्याच 'ओढण्या'तला, हाड मोडल्यावर पायाला वजन लावतात ते ट्रॅक्शनही त्यातलंच आणि आपली ट्रेनसुद्धा दूरची नातेवाईक. तुमची दाढ आठवा, डॉक्टरांनी ती एका झटक्यात उपटली नसेल, आधी हलवून हलवून सैल केली असेल आणि मग बाहेर ओढली असेल, शब्दाचा मूळ अर्थ हाच.

आता घराण्याचं. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंच आणि लॅटिनच्या वाटेने, आणि फ्रेंचमध्येही मोठ्या घरच्या माणसाला 'उच्च एक्स्ट्रॅक्शनचा' म्हणायची पद्धत होतीच. म्हणजे माणूस कुठल्या कुळातून बाहेर आला, ते. वराडकर जन्मले डब्लिनमध्ये, आई आयरिश, पण वडलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, 2017 मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि 2019 च्या डिसेंबरात वराडला येऊनही गेले. म्हणून ते आयरिश, पण इंडियन एक्स्ट्रॅक्शनचे. नागपुरात जन्मून नागपुरातच राहणाऱ्याला कोणी असं म्हणत नाही, माणूस एकीकडचा आणि पूर्वज दुसरीकडचे असले की मगच हा शब्द येतो.

आपण मराठीत अशा वेळी सरळ 'मूळचे वराडचे' म्हणतो. मला हे फार आवडतं, कारण दाढेलाही मूळच असतं!

अजून एक, सातबाऱ्यालाही इंग्रजीत 'सेव्हन ट्वेल्व्ह एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात, तो शब्द याच घरातला. गाव नमुना सात आणि बारा या नोंदींमधनं तुमच्या गटापुरतं उतरवून काढलेलं ते, म्हणून उतारा. पुस्तकातला उतारा तोही एक्स्ट्रॅक्टच. फक्त दृष्ट काढायचा उतारा मात्र इथे घेऊ नका, तिथे इंग्रजीत हा शब्द चालणार नाही.