इंग्रजीतल्या 'स्टेप' या शब्दाचे इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

पेपरात 'सीईओ स्टेप्स डाउन', रेसिपीत 'स्टेप थ्री' आणि नात्यात 'स्टेपमदर', हा सगळा एकच शब्द का, असं तुम्ही विचारलंय. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. माझं सांगणं एवढंच, की अर्थांची यादी पाठ करत बसू नका. 'स्टेप'ला पुढे कोणता छोटा शब्द जोडलाय ते बघा.

नुसता 'स्टेप' सोपा आहे. पाऊल, पायरी, कामाचा टप्पा. आपल्या बारवेला स्टेपवेल म्हणतात ते पायऱ्यांमुळे. गणितात शेवटचं उत्तर चुकलं तरी मिळणारे स्टेपचे मार्क टप्प्यांचे. आणि 'टेक स्टेप्स' म्हणजे सरळ पावलं उचलणं.

अडतं ते जोडशब्दांत. 'स्टेप डाउन' म्हणजे पद सोडणं, त्याला आपला 'पायउतार होणे' चपखल बसतो. पण स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो: गावातल्या डीपीत ११,००० व्होल्टची लाइन येते आणि घरात २३० व्होल्ट पोचतात. दोन्हीकडे खाली उतरणं आहेच. 'स्टेप असाइड' म्हणजे बाजूला होणं, बातम्यांत बरेचदा चौकशी संपेपर्यंत. 'स्टेप इन' म्हणजे भांडणात मध्ये पडणं किंवा ऐनवेळी दुसऱ्याची जागा घेणं. 'स्टेप ऑन इट' म्हणजे गाडी जोरात घे.

सगळ्यात जास्त घोळ 'स्टेप आउट'चा होतो. ऑफिसात फोनवर 'ही हॅज स्टेप्ड आउट' ऐकलं की मुलं समजतात, साहेब घरी गेले. तसं नाही, साहेब जरा बाहेर गेलेत, येतील. क्रिकेटमध्ये हेच फिरकीला क्रीझ सोडून पुढे येणं. चेंडू हुकला आणि कीपर जागा असला की यष्टिचीत.

आता स्टेपमदर. हा 'स्टेप' मुळातच वेगळा आहे, पावलाशी त्याचं काही नातं नाही. जुन्या इंग्रजीत 'स्टेओप' हा उपसर्ग जिवलग गमावण्याशी जोडलेला होता आणि 'स्टेओपचिल्ड' म्हणजे अनाथ मूल. त्या पोरक्या मुलाची जी आई झाली ती स्टेपमदर. गोष्टींतल्या दुष्ट सावत्र आईपेक्षा हा अर्थ मला फार जवळचा वाटतो, म्हणून वर्गात तो मी आवर्जून सांगते.

गाडीतल्या स्टेपनीचाही पायरीशी संबंध नाही बरं का. वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर ते जादा चाक तयार झालं, त्या रस्त्याचं नाव त्याला चिकटलं.