हॉलमधलं झुंबर काढून तिथे छतात बसणारे एलईडी दिवे लावता येतील का?

येतील, पण आधी छत कसलं आहे ते बघा. फ्लॅटमध्ये बहुतेक ठिकाणी आरसीसी स्लॅब असतो. दिव्यासाठी तो फोडायचा नाही. आत सळया आणि वायरिंगचे पाइप असतात. मग पीओपी किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग करावं लागतं आणि त्यात उंची साधारण 4 ते 6 इंच जाते. छत मुळात 9 फुटांचं असेल तर पंख्याचा विचार करा, त्याचा रॉड बदलावा लागू शकतो. खरं सांगायचं तर अशा घरात मी सरफेस पॅनेलच लावेन, म्हणजे छतात न शिरता छताला बाहेरून बसणारा चपटा एलईडी दिवा. झुंबराच्याच पॉइंटवर बसतं, तोडफोड नाही.

फॉल्स सीलिंग आधीच असेल तर काम सोपं. 10 बाय 12 च्या खोलीला 12 वॉटचे चार दिवे पुरतात. डब्यावर कटआउटचं माप असतं, भोक त्याच मापाचं पाडा. दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका, सावली सतत फिरत राहते आणि डोळ्यांना फार त्रास होतो. बसायच्या खोलीला 3000 (पिवळसर प्रकाश) किंवा 4000 केल्विनचे (थोडा पांढरा प्रकाश) दिवे घ्या.

झुंबर काढण्यापूर्वी एमसीबी (वीज बोर्डातला सुरक्षा स्विच) बंद करून टेस्टरने तपासा. वायरिंग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.