वाचकांचे प्रश्न : आईची भाषा मुलाच्या तोंडी कशी येईल?

प्रश्न : माझ्या आईची मातृभाषा आमच्या घरात आता ती एकटीच बोलते. तिची गाणी आणि म्हणी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आहेत. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ती भाषा समजते, पण तो उत्तर दुसऱ्याच भाषेत देतो. एवढे जतन पुरेसे आहे का?
– एक वाचक

उत्तर : आपले ध्वनिमुद्रण मोलाचे आहे, पण ते पुरेसे नाही. अंदमानातील अका-बो भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सीनियर २०१० मध्ये निवर्तल्या. अभ्यासकांनी त्यांचे बोलणे आणि गाणी मुद्रित केल्यामुळे तो आवाज आज ऐकता येतो. मात्र त्यांच्या हयातीतच त्या भाषेत त्यांच्याशी बोलणारे कोणी उरले नव्हते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

भाषा किती सशक्त आहे हे जोखण्यासाठी युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये नऊ निकष मांडले. त्यांतला पहिला निकष, भाषा एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाते की नाही, हा आहे. आपल्या घरी हा धागा सैल झाला आहे, तुटलेला नाही. न्यूझीलंडमधील माओरी समाजाने १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’, म्हणजे ‘भाषेची घरटी’, उभी केली, तेव्हा शाळेत न जाणारी चिमुकली मुले आणि अस्खलित माओरी बोलणारी वडीलधारी माणसे त्यांनी एकत्र आणली, आणि खेळणे, जेवणे, रुसणे, समजूत काढणे हे सारे त्याच भाषेत होऊ दिले.

आपल्याकडे आजी आणि नातू एकाच घरात आहेत, हे केवढे भाग्य! नातवाने दुसऱ्या भाषेत उत्तर दिले, तर आजीने रागावू नये. त्याचेच वाक्य सहजपणे आपल्या भाषेत म्हणून बोलणे पुढे न्यावे. त्याच्या उच्चारांना घरात कोणीही हसू नये, कारण एकदा हसे झालेले मूल पुन्हा चटकन तोंड उघडत नाही.

मुद्रणाबाबत एक सूचना करतो. म्हण नुसती मुद्रित केली, तर शब्द उरतात. ती कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या सुरात म्हणायची, हे हरवते, आणि वारसा तर त्यातच असतो. म्हणून पुढच्या वेळी मोबाइल मुलाच्या हाती द्या आणि ‘आजी, ही म्हण तुला पहिल्यांदा कोणी ऐकवली?’ हा प्रश्न त्याला तिच्या भाषेत, अडखळत का होईना, विचारू द्या.